ताईचा परदेशी आउट-पास

आमचं मूळ गाव जळगाव जिल्ह्यातलं. पण बाबांचं पोस्टिंग चंडीमंदिरला असल्यामुळे सध्या घर खरडला आहे आणि सुट्टीत मी तिथेच जातो. खरड हे पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातलं, चंदीगडहून लुधियानाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचल्या तर वाटतं, इथे दोनच धंदे चालतात. एक फ्लॅट भाड्याने देणं आणि दुसरा माणसं परदेशी पाठवणं. 'आयलेट्स', 'स्टडी व्हिसा', 'कॅनडा', 'ऑस्ट्रेलिया' असे शब्द पंजाबी न येणाऱ्यालाही दोन दिवसांत पाठ होतात. पुढे घडुआँला २०१२ साली स्थापन झालेलं चंदीगड विद्यापीठ आहे. तिथे शिकायला आलेले आफ्रिकेतले, नेपाळ-भूतानमधले विद्यार्थी भाजीच्या गाड्यावर आपल्या शेजारी उभे असतात. म्हणजे इथून जाणारेही पुष्कळ आणि इथे येणारेही पुष्कळ.

माझी ताई याच भागातल्या एका महाविद्यालयात शिकते. एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायला तिची निवड झाली. घरी पेढे आले आणि त्याच रात्री आईने विचारलं, "आणि तिकडे काही झालं तर?"

बाबा म्हणाले, "'काही' म्हणजे काय काय, ते आधी लिहून काढा. ज्या गोष्टीला नाव नाही तिचा बंदोबस्त करता येत नाही." लिहायचं काम माझ्याकडे आलं. हा लेख त्या कागदावरून तयार झाला आहे. आपल्यापैकी बरेच जण एनडीएच्या तयारीत असले, तरी काही जण पुढे शिकायला परदेशी जातीलच. शिवाय प्रत्येकाच्या घरात एखादी ताई किंवा दादा असतोच.

जोखीम मोजायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे लिहायचे. ती घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर नुकसान किती. दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. आईच्या यादीत विमान पडणं सगळ्यात वर होतं. नुकसान पाच, पण शक्यता एकही देववत नाही, त्यामुळे ते तळाला गेलं. तिच्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र वर आली, ती म्हणजे रस्ता ओलांडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. जर्मनीत गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि तिथे पहिली गाडी डावीकडून येते. ताईला हे कळायला एक मिनिट लागलं, पण मानेला कळायला काही आठवडे लागतील. तोपर्यंत सिग्नल असेल तिथेच ओलांडायचं, असं लिहिलं.

आईची खरी भीती मात्र वेगळी होती आणि ती आमच्याच जिल्ह्यातून आली होती.

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रशियातल्या वेलिकी नोवगोरोद शहरात जळगाव जिल्ह्यातले चार विद्यार्थी वोल्खोव नदीत बुडून गेले. ते तिथल्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेले होते. पाचव्या विद्यार्थिनीला वाचवण्यात यश आलं. बातम्यांत आलं होतं की एक जण त्या वेळी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर होता आणि घरचे "पाण्यातून बाहेर या" असं पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांचे फोन दुसऱ्या कुठल्या विषयावर गेलेच नाहीत.

या घटनेचा विचार करताना मला एक गोष्ट लक्षात आली. अमळनेरची बोरी नदी उन्हाळ्यात कोरडी असते. तापी, गिरणा आपण पाहिल्या आहेत, पण जूनच्या सुरुवातीला खानदेशातली नदी म्हणजे बहुधा वाळू. वोल्खोव इल्मेन सरोवरातून निघते आणि लादोगा सरोवराला मिळते. तिला बारा महिने पाणी आणि ओढ. त्या भागात जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे 'अंधार पडला, घरी चला' असं सांगणारं आकाशही तिथे नाही. पाणी थंड असेल तर आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही. मग थोड्या मिनिटांत हातापायांतली ताकद कमी होते. चांगला पोहणाराही यातून सुटत नाही, कारण हे पोहण्याच्या कौशल्याचं काम नाही, शरीराचं आहे.

त्या वेळच्या बातम्यांनुसार आधी एक जण अडचणीत आली आणि बाकीचे तिला वाचवायला गेले. हे वाचल्यावर त्यांना बेजबाबदार म्हणायची माझी तरी हिंमत नाही. मित्र बुडत असताना काठावर उभं राहणं किती अवघड असेल. म्हणूनच आपले स्विमिंगचे उस्ताद दर टर्मला तेच तेच शिकवतात: काठावरून हात किंवा काठी पुढे करा, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, ओरडून मदत बोलवा, पण स्वतः उडी मारू नका. तो तास आपल्याला कंटाळवाणा वाटतो. ताईला तो तास कधीच मिळालेला नाही आणि बहुतेक मुलांनाही मिळत नाही. या घटनेनंतर मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना नद्या-तलावांजवळ काळजी घेण्याची सूचना काढली.

आनंदीबाई जोशींची गोष्टही मला इथे आठवते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा सगळ्यांना धास्ती समुद्राची आणि धर्म बुडण्याची होती. समुद्र त्यांनी सुखरूप पार केला आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. घात झाला तो आजारपणाने. क्षयाने खंगून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. लोक ज्याला भितात ते एक असतं आणि संकट दुसऱ्याच दाराने येतं. म्हणून ताईच्या कागदावर 'गरम कपडे', 'पोटभर जेवण' आणि 'आजारी पडल्यास डॉक्टरकडे तिसऱ्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी' हेही आहे. बाबांना ते वाचून हसू आलं, पण त्यांनी खोडलं नाही.

आता दुसरी घटना, युक्रेनची. कॅडेट म्हणून आपल्याला ऑपरेशन गंगा माहीत असतं ते हवाई दलाच्या सी-१७ विमानांमुळे. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते त्याआधीचे नऊ दिवस. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हमधल्या आपल्या दूतावासाने सांगितलं की ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. २० तारखेला पुन्हा सूचना आली. २२ तारखेच्या सूचनेत तर स्पष्ट म्हटलं होतं की ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाच्या अधिकृत निर्णयाची वाट पाहू नका, निघा. २४ तारखेला युद्ध सुरू झालं आणि आकाश बंद झालं. भारतातून निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं.

मग हजारो विद्यार्थी थांबले का? वर्ग चालू होते आणि गैरहजेरी लागली असती. तिकिटं महाग झाली होती. आणि सगळे थांबले होते म्हणून प्रत्येक जण थांबला होता. यातलं एकही कारण मूर्खपणाचं नाही. मीही कदाचित थांबलो असतो. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकचा एक विद्यार्थी गोळीबारात मारला गेला. २ मार्चला दूतावासाने खारकीव्ह ताबडतोब सोडायला सांगितलं. गाडी मिळत नसेल तर पायी चाला, पण संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का या ठिकाणी पोचा. अंतर ११ ते १६ किलोमीटर, बर्फात, सामान सोडून. सुमीमध्ये अडकलेल्या सुमारे सातशे विद्यार्थ्यांना ८ मार्चला बसने बाहेर काढता आलं. शेवटी सुमारे २२,५०० भारतीय परत आले. ही मोठी कामगिरी होती. पण सुटका ही शेवटची पायरी असते, आणि पहिल्या पायऱ्या विद्यार्थ्याच्याच हातात असतात.

यावर ट्रेकचा नियम लावून बघा. उस्ताद खालीच सांगतात, "एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर दिसत असलं तरी." ही वेळ खालीच का ठरवायची? कारण वर गेल्यावर, शिखर दोनशे मीटरवर असताना, आपलं डोकं हिशोब आपल्या बाजूने करतं. रेषा आधी आखलेली असेल तर तिथे वाद घालायचा नसतो, फक्त वळायचं असतं. युक्रेनमधल्या मुलांना कोणी आधी अशी रेषा आखून दिली नव्हती. विद्यापीठ आपला विचार करणार, एजंट आपला, आणि दूतावास फक्त सल्ला देऊ शकतो. तिकीट शेवटी विद्यार्थ्यालाच काढायचं असतं. म्हणून आम्ही ताईच्या कागदावर 'परतीच्या रेषा' असा एक चौकोन आखला. बाबांची अट एकच, रेषा तीनच हव्यात. दहा लिहिल्या तर एकही पाळली जात नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. युरोपभर ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. जर्मनीत पोलिसांसाठी ११० आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करता येते, ती केली. पासपोर्ट हरवला तर दूतावास भारतात परतण्यापुरता आपत्कालीन दाखला देतो, पण त्यासाठी जुन्या पासपोर्टची प्रत असेल तर काम सोपं होतं. म्हणून एक प्रत तिच्याकडे, एक आईकडे. विमा घेताना रुग्णालयाचा खर्च सगळे पाहतात. रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, ही ओळ कोणी वाचत नाही, ती वाचा. विमा पाय मोडण्यापासून वाचवत नाही, फक्त बिलापासून वाचवतो, हेही ध्यानात असू द्या. आणि एजंटामार्फत जात असाल तर पंजाबात अशा व्यवसायाला कायद्याने परवाना लागतो, तो पाहायला मागा. २०२३ मध्ये कॅनडात गेलेल्या पंजाबच्या अनेक विद्यार्थ्यांना तिथे राहून शिकल्यानंतर कळलं की एजंटाने दिलेलं प्रवेशपत्रच बनावट होतं. महाविद्यालयाला स्वतः एक ईमेल केला असता तर उत्तर आलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो रोल कॉलला. रविवारी आउट-पासवर जाताना आपण रजिस्टरमध्ये लिहितो: कुठे, कोणाबरोबर, परत किती वाजता. आपल्याला तो जाच वाटतो. पण एखादा कॅडेट हरवला तर ते कळतं कसं? वेळ लिहिलेली असते म्हणून. परदेशात ताईचा रोल कॉल घेणारं कोणी नाही. 'पोचले की फोन कर' हा आईचा नियम अपुरा आहे, कारण फोन आला नाही तर काय करायचं ते त्यात नाही. म्हणून ठरवलं की रोज तिकडच्या रात्री नऊला एक मेसेज येईल. दोन तास गेले तर आई फोन करेल. सहा तास गेले तर ताईच्या खोलीतल्या मैत्रिणीला. सकाळ झाली तरी पत्ता नसेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि मग दूतावासाला. चारही क्रमांक फ्रिजवर चिकटवले आहेत.

यात एक गंमत आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. त्या रात्री ताईचा मेसेज वेळेवर येऊनही आमच्याकडे तासभर उशिरा येईल. आईने कॅलेंडरवर त्या रविवारी लाल गोल केला आहे.

आणि त्या तीन रेषा. पहिली: दूतावासाने विद्यार्थ्यांना देश सोडायला सांगितलं तर ४८ तासांत तिकीट, गैरहजेरी लागली तरी. त्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले आहेत आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही, मोबाइल फुटला तरी. दुसरी: जीवरक्षक नसेल तिथे नदी, तलाव, समुद्र यांत उतरायचं नाही आणि कोणाला वाचवायला उडी मारायची नाही. या दोन्हींवर ताईने सही केली.

तिसरीवर अजून वाद चालू आहे. आई म्हणते, अंधार पडल्यावर एकटीने बाहेर पडायचं नाही. ताई म्हणते, डिसेंबरमध्ये तिकडे चार-साडेचारलाच अंधार पडतो, मग मी ग्रंथालयातून घरी येऊ कशी? बाबांनी सुचवलं की अंधाराऐवजी घड्याळाची वेळ लिहा. आई नऊ म्हणते, ताई अकरा. ती जागा मी सध्या रिकामी सोडली आहे, पेन्सिलने लिहिता येईल अशी.