आपोआप भरलेला रकाना

सोसायटीची वर्गणी असो, शाळेचा निकाल असो की दुकानातला स्टॉक, एक्सेल उघडणाऱ्याची इच्छा साधी असते: वरच्या ओळीत एकदा लिहावं आणि खालच्या पाचशे ओळी आपोआप भराव्यात. त्या भरतातही. पण भरण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. फॉर्म्युला सेलमध्ये ठाण मांडून बसतो आणि पुन्हा पुन्हा हिशेब करतो. मॅक्रो एकदा चालतो, सांगितलेलं काम करतो आणि थांबतो. फ्लॅश फिल नमुना पाहून अंदाज बांधतं. एकीचं काम दुसरीकडून मागितलं की घोटाळा होतो.

‘पावतीची तारीख आपोआप पडायला टुडे हा फॉर्म्युला पुरे.’

पुरत नाही. टुडे म्हणजे नेहमी आजची तारीख. काल फाडलेल्या पावतीवर आज फाइल उघडली की आजची तारीख दिसते आणि वर्षअखेरीला सगळ्या पावत्या एकाच दिवशी फाडल्यासारख्या दिसतात. कायमची तारीख हवी असेल तर कंट्रोल आणि अर्धविराम या कळा एकत्र दाबाव्यात. शेजारच्या सेलमध्ये नाव लिहिताच तारीख पडावी आणि तिथेच राहावी, असं हवं असेल तर ते मॅक्रोचं काम. फॉर्म्युला दुसऱ्या सेलमध्ये मजकूर लिहून ठेवू शकत नाही. नव्या एक्सेलमध्ये काही फॉर्म्युल्यांची उत्तरं शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये पसरतात, पण तीही मूळ फॉर्म्युल्याच्याच हुकमतीत असतात. सर्क्युलर रेफरन्सला परवानगी देऊन फॉर्म्युल्यानंच तारीख गोठवायची एक युक्ती आहे. पैशाच्या हिशेबात तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

‘व्हीलुकअपनं एरर दिली नाही, म्हणजे उत्तर बरोबर.’

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, कारण चूक दिसतच नाही. व्हीलुकअपला चार गोष्टी सांगायच्या असतात: काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या कॉलममधलं उत्तर आणायचं आणि तंतोतंत जुळणी हवी की जवळपासची चालेल. चौथी गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. मग एक्सेल जवळपासची जुळणी गृहीत धरतं आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असंही मानून चालतं. यादीत ४७ क्रमांकाचा सभासद नसेल, तर ४६ क्रमांकाच्या सभासदाचं नाव बिनदिक्कत आणून ठेवलं जातं. यादी क्रमाने नसेल तर काय येईल याचा नेम नाही. म्हणून शेवटी फॉल्स किंवा शून्य लिहायचंच. एक्सलुकअप असलेल्या नव्या आवृत्तीत ही काळजी नाही, तिथे तंतोतंत जुळणी मुळातच गृहीत धरलेली आहे.

‘पहिला फॉर्म्युला बरोबर आहे, आता नुसता खाली ओढायचा.’

ओढताना सेलचे पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. व्याजाचा दर वरच्या एकाच सेलमध्ये लिहिला असेल तर त्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावून तो जागीच धरून ठेवावा लागतो. त्यासाठी एफ-४ ही कळ आहे. दुसरी गोष्ट, रेंज कुठे संपते ते बघायचं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या कर्ज आणि विकासदराविषयीच्या २०१० सालच्या गाजलेल्या निबंधात सरासरीची रेंज पाच ओळी आधीच संपली होती, त्यामुळे पाच देश गळले. तीन संशोधकांनी मूळ शीट मागवून घेतलं, तेव्हा २०१३ मध्ये हे उघड झालं. निबंधावर इतर आक्षेपही होते, पण जगभर चर्चा झाली ती या फॉर्म्युल्याची. कंट्रोल-टी दाबून माहितीचं टेबल करून ठेवलं की नव्या ओळी रेंजमध्ये आपसूक येतात.

‘रिकाम्या सेल भरल्या, काम संपलं.’

गावनिहाय याद्यांमध्ये गावाचं नाव पहिल्या ओळीत एकदाच असतं आणि खालच्या सेल मोकळ्या. त्या भरायला मॅक्रो लागत नाही. कॉलम निवडा, एफ-५ दाबून स्पेशलमधून ब्लँक्स घ्या, बरोबरचं चिन्ह लिहा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल-एंटर. क्षणात सगळी नावं खाली उतरतात. पण तिथे नावं नसतात. ‘माझ्या वर जे आहे ते’ सांगणारे फॉर्म्युले असतात. अशी यादी सॉर्ट केली की माणसं भलत्याच गावात जाऊन पडतात. म्हणून आधी कॉलम कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करायचं, सॉर्ट नंतर.

‘मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅमरचं काम, शिवाय धोक्याचं.’

अर्धं खरं. रेकॉर्डर सुरू करून आपण हातानं काम केलं की एक्सेल त्याचा मॅक्रो स्वतःच लिहून घेतं. मात्र ‘रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू केलं नसेल तर तो पुढच्या वेळीही त्याच ठरावीक सेलवर जाऊन काम करतो. धोक्याचं म्हणाल, तर १९९९ साली ईमेलमधून पसरलेला मेलिसा व्हायरस वर्डमधला मॅक्रोच होता. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. स्वतःच्या फाइलीत स्वतः केलेल्या मॅक्रोची भीती बाळगायचं कारण नाही. खबरदारी वेगळी घ्यायची: मॅक्रोनं शीटमध्ये केलेला बदल अन्डू करून परत येत नाही, म्हणून आधी फाइलीची प्रत काढावी. फाइल एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करावी, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही. गूगल शीट्समध्ये तर एक्सेलचा मॅक्रो चालतच नाही, तिथली अ‍ॅप्स स्क्रिप्ट वेगळी.

‘फ्लॅश फिलला सगळं कळतं.’

एक्सेलच्या २०१३च्या आवृत्तीत आलेली ही सोय मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या सुमित गुलवानी यांच्या संशोधनातून आली. एक-दोन उदाहरणं लिहून कंट्रोल-ई दाबलं की पूर्ण नावांतून आडनावं वेगळी निघतात. नंतर मूळ नाव दुरुस्त केलं तर शेजारचं आडनाव मात्र बदलत नाही, कारण इथे फॉर्म्युला नसतो. आणि आपल्याकडच्या यादीत कुठे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं, कुठे दोनच, कुठे आडनाव आधी. आडनाव आधी लिहिलेल्या ओळीत फ्लॅश फिल वडिलांचं नावच आडनाव म्हणून उचलू शकतं, म्हणून अशा ओळी आधी बाजूला काढून हातानं भराव्यात.