एक किलोमीटरचा कायदा

आमच्या कऱ्हेकाठी अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. 'ही काय, हाकेवर हाय वस्ती' असे म्हणून माणूस हात लांब करतो आणि आपण अर्धा तास चालत राहतो. मोरगाव, सुपे, कऱ्हाटी हा सगळा जिरायती टापू. वस्त्या रानारानांत विखुरलेल्या. खाली नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत ऊस आणि डांबरी रस्ते, तर इकडे बाजरी, मेंढरे आणि पाऊलवाटा. एकाच बारामती तालुक्यात दोन प्रकारची अंतरे आहेत म्हणा ना!

कायद्याला मात्र अंतर मोजावेच लागते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत, अशी मोजपट्टी नियमांत आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून आयुष्य काढले. मला ही पट्टी आवडली, कारण ती मुलाच्या बाजूने धरलेली होती. शाळा किती लांब चालेल हे सरकारला विचारणारी होती.

हीच पट्टी 9 फेब्रुवारी 2024 रोजी उलटी धरली गेली. राज्य सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्के राखीव जागांच्या बंधनातून मोकळे केले. युक्तिवाद वरवर बिनतोड होता. जवळ सरकारी शाळा आहे, मग खासगी शाळेत पाठवून सरकारने तिची फी का भरावी? मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी ती रद्दच केली. मूळ कायद्याच्या बाराव्या कलमाने जे बंधन शाळांवर घातले, ते नियम करून काढता येत नाही, हा त्यातला मथितार्थ.

वर्तमानपत्रांत यावर पुष्कळ लिहून आले, पण बहुतेक सारे गरिबांच्या मुलांविषयी. त्या पंचवीस टक्क्यांत आणखी एक मूल बसते, याची आठवण फार थोड्यांना झाली. 2012 सालच्या दुरुस्तीने अपंग बालकांचा समावेश 'वंचित गटा'त केला आहे. (आता 'दिव्यांग' म्हणायचे. माझ्या नोकरीत या मुलांसाठीचे शब्द इतक्या वेळा बदलले की शेवटी मी नाव घेऊनच हाक मारू लागलो. तेच बरे.) म्हणजे पट्टी उलटी फिरली तेव्हा त्यांचीही एक वाट बंद होत होती.

निवृत्तीनंतर माझ्या ओट्यावर लोक फॉर्म भरून घ्यायला येतात. त्या फेब्रुवारीनंतर एक मेंढपाळ आईबाप आले. सहा वर्षांची मुलगी, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येणारी. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाच्या अंगाला उतरतात, तेव्हा मुलीला मामाकडे रस्त्याकडेच्या गावात ठेवायचे त्यांच्या मनात होते. तिथे इंग्रजी माध्यमाची शाळा होती आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेचीही. बाप म्हणाला, ''गुरुजी, तुमच्या साळंला आमी नावं ठेवत न्हाय. पर तितं पोरीच्या कानाचं बघणारं कोण हाय?''

प्रश्न बरोबर होता, फक्त तो दोन्ही शाळांना लागू होता. कानाचे बघणारे त्या खासगी शाळेतही कुणी नव्हते.

खरी अडचण इथे आहे आणि तिच्यात शिक्षणाचा कायदा एकटा नाही. अशा मुलीला शिकवणारा शिक्षक साधा डी.एड. झालेला चालत नाही. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार त्याने विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी घेतलेली हवी आणि परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव हवे. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणे गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. श्रवणतज्ज्ञाची गोष्टही तीच. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 2002 च्या कायद्याने स्वतःची वेगळी परिषद नेमली. 2021 साली त्यांच्यासाठी केंद्राचा नवा कायदा आला. अपंगत्वाचा दाखला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतो. म्हणजे एका मुलीभोवती चार-पाच कायदे उभे, आणि प्रत्येकाचे कार्यालय, प्रत्येकाचा फॉर्म निराळा.

नोंदणी नको, असे मी चुकूनही म्हणणार नाही. कानाला लावायची यंत्रे घेऊन फिरणारा एक विक्रेता मी बाजारात पाहिलेला आहे. चष्मे विकावेत तशी तो यंत्रे विकत होता. कानात घालायचे, 'ऐकू येतंय का आजोबा?' म्हणून ओरडायचे, आणि पैसे घ्यायचे. आजोबांचे फारसे बिघडत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला चुकीचे यंत्र लावले तर ते नुसता गोंगाट ऐकते, वैतागून यंत्र काढून टाकते आणि भाषा शिकण्याची वर्षे हातची जातात. ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून परवाना हवाच. माझे गाऱ्हाणे दुसरेच आहे. कायदा अनधिकृत माणसाला दारातून हाकलतो, पण अधिकृत माणूस दारी पाठवण्याची जबाबदारी त्याच कायद्यात कुणावर नाही.

ती जबाबदारी दुसरीकडे लिहिलेली आहे. 2016 च्या कायद्याचे सतरावे कलम सरकारला सांगते की खुणांची भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करा आणि नेमा. एकतिसावे कलम सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला, अपंगत्व निदान चाळीस टक्के असेल तर, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण देते. 'आपल्या पसंतीच्या' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. पण पसंती करायला समोर दोन गोष्टी तर हव्यात!

ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे खटल्यात प्रमाण घालून दिले : प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की राज्यांनी आधी पदे तर मंजूर करून जाहीर करा. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2024 मध्ये 4,860 पदे निर्माण केली, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यात कायम होण्याची आशा दिसली, याचा मला आनंद आहे. त्यांतले काही माझ्या शाळेत येत असत. महिन्यातून कधीतरी, फटफटीवर धुरळा खात, पिशवीत खेळणी आणि चित्रांचे तक्ते घेऊन. मुले त्यांची वाट बघत.

पण जरा हिशेब मांडू. न्यायालय मुले मोजते, शासन केंद्रे मोजते. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात, आणि आमच्या जिरायती भागात त्या वस्तीवस्तीवर पसरलेल्या. एका शाळेत एक मूल बहिरे, दुसरीत एक मतिमंद, तिसरीत सेरेब्रल पाल्सीचे. मूल तीन, अपंगत्व तीन, आणि शिक्षकाने पदविका घेतली ती त्यांपैकी एकाच प्रकाराची. पटावर मुले थोडी म्हणून प्रमाण कागदावर बरोबर येईल. प्रत्यक्षात शिक्षकाचा निम्मा दिवस गाडीवर जाईल. इंदापूरकडे, उजनीच्या फुगवट्याच्या कडेच्या वस्त्यांवर, किंवा भवानीनगरच्या कारखान्याच्या आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर जी मुले चार-पाच महिने राहतात, ती तर कोणत्या केंद्राच्या पटावर धरायची?

आणखी एक बारकावा. कायद्याच्या अनुसूचीत 'कर्णबधिर' म्हणजे दोन्ही कानांनी सत्तर डेसिबलची हानी, आणि 'ऐकण्यास कठीण' म्हणजे साठ ते सत्तर. पन्नास-पंचावन्नवर अडकलेले मूल या व्याख्येत बसत नाही. वर्गात शेवटच्या रांगेत बसले तर गुरुजींचे अर्धे बोलणे त्याला कळत नाही, घरचे त्याला 'मठ्ठ' म्हणतात, आणि त्याच्या वाट्याला दाखलाही येत नाही, शिक्षकही नाही. त्याला पहिल्या बाकावर बसवायला कुठल्या परवान्याची गरज नाही हे खरे, पण आधी त्याचा कान तपासायला कुणी यायला हवे.

राज्याने या विषयावर काही नवे करायचे मनात आणले, तर माझ्या अपेक्षा थोड्या आहेत. नोंदणीकृत शिक्षक कुठे राहतात आणि कोणत्या अपंगत्वाचे आहेत, याची तालुकावार यादी प्रत्येक शाळेत लावा. विशेष शिक्षकाचे पद ठरवताना मुलांची संख्या आणि वस्त्यांमधले अंतर दोन्ही धरा. त्याच्या गाडीचे पेट्रोल पगारातून काढायला लावू नका. नोंदणीच्या नूतनीकरणासाठीची प्रशिक्षणे पुण्या-मुंबईबरोबर बारामतीतही भरवा, म्हणजे त्यासाठी त्याच्या शाळा बुडणार नाहीत. अंतराचा नियम करायचाच असेल, तर मुलाच्या घरापासून त्याला शिकवू शकणाऱ्या माणसापर्यंतचे अंतर मोजा.

त्या मेंढपाळाच्या मुलीचा अर्ज आम्ही न्यायालयाच्या निकालानंतर पंचवीस टक्क्यांत भरला. वंचित गटातून असल्याने उत्पन्नाचा दाखला लागला नाही. अपंगत्वाचा दाखला मात्र हवा होता, आणि तो हाती येईस्तोवर प्रवेशाची मुदत सरली. मग तिला मामाच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले. पहिल्या बाकावर बसते. बाईंनी स्वतःहून सवय लावून घेतली आहे, फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही. विशेष शिक्षक अजून आलेले नाहीत. बापाने कोकणातून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एवढेच विचारले, ''आले का वो ते मास्तर?''