डॉक्टरांच्या शिक्षणाचा नकाशा

अंधेरीला दवाखाना सुरू केल्यानंतरची गोष्ट. क्षयरोगाच्या एका रिक्षाचालकाला मी औषध सुरू केले. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, आणि त्याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी तो परत आला तो थुंकीतून रक्त पडते म्हणून. औषध अर्धवट सोडल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे मला तोंडपाठ होते. पण ते रोग्याला पटेल असे सांगायचे कसे, हे मी शिकलोच नव्हतो.

असे का व्हावे? आम्ही क्षयाचा जंतू सूक्ष्मजीवशास्त्रात शिकलो, फुप्फुसातील बिघाड विकृतिशास्त्रात, गोळ्या औषधशास्त्रात आणि लक्षणे वैद्यकशास्त्रात. प्रत्येक विभागाने आपापला भाग नीट शिकवला. रोग्याशी बोलणे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. ते दुसरा कोणी शिकवत असेल, असे प्रत्येकाला वाटले असावे.

यावर उपाय म्हणजे अभ्यासक्रमाचा नकाशा. हा एक मोठा तक्ताच असतो. विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, ते कोणत्या वर्षी, कोण, कसे शिकवणार आणि त्याची परीक्षा कशी घेणार, हे त्यात समोरासमोर मांडतात. रकाना रिकामा राहिला की उणीव दिसते. एकच गोष्ट तीन ठिकाणी आली की पुनरुक्ती कळते. स्कॉटलंडमधील डंडीचे प्रा. रोनाल्ड हार्डन यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

आपल्याकडे २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून एमबीबीएसला क्षमतांवर आधारित अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक क्षमतेला क्रमांक आहे आणि पायरीही ठरलेली आहे: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि स्वतः करणे. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे विषय पहिल्या वर्षापासूनच आहेत. आमच्या उपनगरात कूपर रुग्णालयाला जोडून २०१५ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयातील मुलेही याच वाटेने शिकतात.

अर्थात तक्ता कागदावरच राहिला तर उपयोग नाही. संवादाची परीक्षा केवळ लेखी घेतली, तर विद्यार्थी उत्तर पाठ करील. रोग्यासमोर मात्र आमच्यासारखाच अडखळेल.

वाचकांनीही एवढे करावे. औषध घेऊन उठण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: हे किती दिवस घ्यायचे? बरे वाटले तरी चालू ठेवायचे का? एखादी वेळ चुकली तर काय करायचे? विचारण्यात संकोच नको. क्षयाच्या औषधाची मुदत तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुरी करावीच.