समुद्रगायीचे पोट

समुद्रगाय अथवा डुगाँग हा प्राणी नावाने गाय असला, तरी रवंथ करीत नाही. गाय-म्हशींसारखे चार कप्प्यांचे पोटही त्यास नाही. नात्याने तो हत्तीला जवळचा. आणि चारा पचविण्याची त्याची रीतही हत्तीचीच आहे.

कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात व अंदमानभोवती उथळ तळावर सागरी गवत वाढते. हे शेवाळ नव्हे. फुले येणारी वनस्पती होय. डुगाँग आपल्या जाड ओठाने ती मुळांसकट उपटतो. दाढा खुंटांसारख्या, त्यांवर लुकणही नाही. चावण्याचे बरेचसे काम तोंडातील कठीण शिंगमय गाद्या करतात. सोबत वाळू जाणारच. म्हणून की काय, जठरातील पाचकरस स्रवणाऱ्या बहुतेक पेशी एका वेगळ्या पिशवीत एकवटल्या असून उरलेल्या अस्तरावर बुळबुळीत द्रवाचे लेपन असते.

परंतु खरे नवल पुढेच आहे. तीन मीटर लांबीच्या या प्राण्याचे मोठे आतडे पंचवीस मीटरांहूनही लांब भरते. लहान आतड्याच्या सुमारे दुप्पट! तेथे सूक्ष्म जंतू गवतातील चिवट तंतू आंबवितात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर प्राण्याचे पोषण होते. घाई कसलीच नाही. खाल्लेला घास बाहेर पडण्यास सहा-सात दिवस लागतात. आंबण्याने वायू साचतो व शरीर वर तरंगू पाहते. पण हाडे भरीव व जड असल्याने तोल राहतो.

१७४२ साली बेरिंग बेटावर अडकून पडलेल्या निसर्गज्ञ श्टेलरने याच कुळातील एका महाकाय प्राण्याचे विच्छेदन केले. समुद्री वनस्पतींनी गच्च भरलेले त्याचे जठर दोर बांधूनही चार धट्टाकट्टा माणसांना जेमतेम हलले. तो प्राणी १७६८ पर्यंत शिकारीने नामशेष झाला.

डुगाँगवरील संकट निराळे आहे. शिकारीवर कायद्याने बंदी असली, तरी जाळ्यांत अडकून तो मरतो आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांनी व गाळाने कुरणे उजाड होतात. एवढे लांब आतडे गवतासाठीच घडलेले. कुरण गेले की मादीची वीण लांबते. मुळात पिल्लू एकच, तेही काही वर्षांच्या अंतराने. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले, ते या कुरणांसकट.