वेगाचा काटा बरोबर आहे का?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "मला यावेळी हजार रुपये लागते." कशाला म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात चलान होतं. गाडी ताईंच्या नावावर, गटाच्या कर्जातून घेतलेली. मुलगा रोज तिच्यावर डेअरीत दूध घालायला जातो. फलकावर वेगमर्यादा ६०, यंत्राने मोजला ७८.

ताई म्हणाल्या, "माझा पोट्टा एवढी नाही पळवत. ती मशीन खोटं नाही बोलत का वं?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. मी त्यावर वाचलं, विचारलं. तेच आज तुम्हाला सांगते.

गोंदियाच्या रेल्वे फाटकाजवळ उभं राहिलं की गाडीची शिटी येताना बारीक, चढी लागते आणि गाडी पुढे गेली की तोच आवाज जाडसर होतो. शिटी बदलत नाही, गाडीच्या वेगामुळे आवाज तसा ऐकू येतो. पोलिसांचं रडार याच तत्त्वावर चालतं. ते रेडिओच्या लहरी सोडतं. त्या गाडीवर आपटून परत येतात, तेव्हा त्यांत थोडा बदल झालेला असतो. त्या बदलावरून यंत्र वेग काढतं. सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांच्या लहरी सोडणारं यंत्र असेल, तर ६० च्या वेगाने येणारी गाडी त्यांत जेमतेम २,७०० कंपनांचा फरक करते. एवढा बारीक फरक पकडायचा, म्हणजे चुकायलाही जागा असते.

पहिली चूक नेमाची. रडारची लहर टॉर्चच्या उजेडासारखी पसरत जाते. ती १२ अंशात पसरत असेल, तर ३०० मीटरवर तिची रुंदी ६० मीटरच्या वर जाते. समोर मोटारसायकल आणि मागून जोरात ट्रक येत असेल, तर ट्रकचा पत्रा मोठा, त्यामुळे त्याच्यावरून जास्त लहरी परततात. वेग ट्रकचा मोजला जातो आणि नाव मोटारसायकलचं लागू शकतं.

दुसरी चूक चालत्या पोलीस गाडीतून मोजताना होते. यंत्राला आपल्या गाडीचा वेग वजा करावा लागतो. तो वेग ते रस्त्यावरून परतलेल्या लहरींवरून ओळखतं. पुढे चालणाऱ्या ट्रकवरून आलेल्या लहरी चुकून रस्त्याच्या समजल्या, तर स्वतःचा वेग कमी मोजला जातो आणि राहिलेला समोरच्याच्या खात्यात जातो.

तिसरी चूक ढवळाढवळीची. गाडीतला पंखा, जवळचा वायरलेस सेट, विजेच्या मोठ्या तारा यांमुळेही यंत्रावर भलताच आकडा येऊ शकतो. १९७९ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात एका टीव्ही वाहिनीने हे करून दाखवलं. रडारवर एक ताडाचं झाड ताशी ८६ मैलांनी, म्हणजे जवळपास १३८ किलोमीटरने पळताना दिसलं! एक घर ताशी २८ मैलांनी निघालं होतं. त्याच वर्षी तिथल्या न्यायाधीशांनी त्या रडारच्या पुराव्यावर भरवसा ठेवायला नकार दिला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. उभं असलेलं यंत्र रस्त्याच्या कडेला तिरपं असेल, तर ते वेग कमी दाखवतं. २० अंश तिरपं असेल, तर ६० ची गाडी ५६ च दिसते. म्हणून "कोपऱ्यातून मोजलं, म्हणून जास्त आलं" हे कारण चालत नाही.

आपल्याकडे महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर स्पीडगन असते. ती प्रकाशाचे झटके सोडून ते परत यायला लागणारा वेळ मोजते. तिची रेघ बारीक असते, ३०० मीटरवर साधारण एक मीटर. त्यामुळे एका गाडीचा वेग दुसरीच्या माथी लागण्याची भीती कमी. पण दाट धुकं आणि धूळ तिलाही नडते, आणि धरणाऱ्याचा हात हलून नेम गाडीच्या अंगावरून सरकला तरी आकडा चुकतो.

आता सांगा, धान खरेदी केंद्रावर आपण काय बघतो? काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, तो यंदाचा आहे का. स्पीडगन हाही काटाच आहे, फक्त धानाऐवजी वेग मोजतो. हे सरकारनेही मानलं आहे. वेग मोजणाऱ्या रडारची पडताळणी करून त्यावर शिक्का असलाच पाहिजे, असा केंद्राचा नियम १ जुलै २०२५ पासून लागू आहे. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्यानुसार अशा यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. यंत्र आहे तिथे सूचनेचा फलक हवा, आणि चलानसोबत गाडीचा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा हवी.

म्हणून चलान आलं की घाबरून पैसे भरू नका आणि रागाने फेकूनही देऊ नका. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फोटो उघडा. नंबर आपलाच आहे का? गाडी आपलीच आहे का? फोटोत शेजारी किंवा मागे दुसरं मोठं वाहन आहे का? त्या दिवशी गाडी तिथे होती का? शंका असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. यंत्राच्या प्रमाणपत्राबद्दलही विचारा. तरीही पटलं नाही तर न्यायालयाचा मार्ग आहे.

आम्हीही त्या बैठकीत फोटो उघडला. नंबर बरोबर, वेळ दूध घालायची. रस्ता मोकळा, मागे ट्रक नाही, कोणीच नाही. संध्याकाळी ताईंनी मुलाला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "डेअरी बंद होईन म्हणून पळवली." दंड भरला, पण गटाचं कर्ज घेऊन नाही. दुधाच्या पैशातून त्यानेच भरला.

यंत्र चुकू शकतं, मैत्रिणींनो, पण यावेळी चुकलं नव्हतं. मला तर बरं वाटलं की हजारावर निभावलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. देवरी, कोहमारा, सडक अर्जुनीच्या बाजूला महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. तिथे एवढं अंतर मिळेलच असं नाही.

काट्याचा शिक्का जरूर बघा. पण पोरगा गाडीची चावी घेऊन निघाला की त्यालाही विचारा, "किती वाजता निघालास, आणि कितीने जाणार?"