वाटेवरचीं नांवें

गेल्या कार्तिकांत एके सकाळीं पाठीवर भलें मोठें बोचकें घेतलेला एक तरुण जुन्नरास आमच्या दारीं येऊन उभा राहिला आणि “तळटीप येथेंच राहतात ना?” असें त्यानें विचारलें. “ह्या आडनांवाचे येथें कोणी नाहींत, पलीकडच्या पेठेंत पाहा,” असें सांगून आमच्या कुटुंबानें दार जवळजवळ लोटलेंच होतें. इतक्यांत आम्हीं आंतून ओ दिली. आपल्या पतीस या वयांत दुसरें एक नांव आहे, तें परक्या मुलास ठाऊक आहे आणि आपणांस नाहीं, हें कळून तिला जें आश्चर्य वाटलें त्याचें वर्णन न केलेलेंच बरें. तिला त्या वेळीं जो खुलासा करावा लागला, तोच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पाठीवर बिर्‍हाड घेऊन डोंगरांतून आठ आठ दिवस, कोठें कोठें तर महिनेच्या महिने चालणारी जी मंडळी असते, तिच्यांत वाटेवर एकमेकांस नवें नांव देण्याची चाल आहे. अमेरिकेंत ॲपलेशियन पर्वताच्या अंगानें जाणारी एक प्रसिद्ध पायवाट आहे. बेंटन मॅकाय या गृहस्थानें १९२१ सालीं तिची कल्पना मांडली, १९३७ सालीं ती सलग झाली, आणि जॉर्जियापासून मेनपर्यंत तिची लांबी सुमारें साडेतीन हजार किलोमीटर भरते. ती एका हंगामांत पुरी करावयाची तर पांच-सहा महिने चालावें लागतें. एवढ्या अवधींत घरचें नांव मागें पडतें, आणि मुक्कामाच्या पडव्यांतून ज्या वह्या ठेवलेल्या असतात त्यांत मनुष्य सही करतो ती वाटेवर मिळालेल्या नांवाची. १९५५ सालीं एम्मा गेटवुड ही सदुसष्ट वर्षांची, अकरा मुलांची आई, घरीं शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून आणि साधे कापडी जोडे घालून ती सबंध वाट एकटी चालून गेली. ती सर्वांची ‘ग्रँडमा’, म्हणजे आजी झाली. १९९० सालीं बिल अर्विन हा अंध गृहस्थ ओरिएंट नांवाच्या वाटाड्या कुत्र्याच्या आधारानें तीच वाट चालला. त्या जोडीस लोक ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ म्हणूं लागले. दोघांत मिळून एक नांव, आणि तेंहि कुत्र्याच्या नांवावरून! आम्हांस हें फार आवडलें.

या नामकरणाचा लेखी विधि कोठेंच नाहीं. तरी दोन गोष्टी बहुतेक ठिकाणीं पाळतात असें दिसतें. एक, आपलें नांव आपण ठेवूं नये, तें सोबत्यांनीं ठेवावें. दुसरी, दिलेलें नांव मनास लागलें तर तें न घेण्याची प्रत्येकास मोकळीक असावी. या दुसर्‍या गोष्टीकडे आमचें प्रथम लक्ष गेलें नव्हतें. तें कां गेलें नाहीं, हें पुढें येईलच.

वडिलांपाशीं बसून आमचें थोडेंबहुत व्याकरण झालेलें आहे. त्यामुळें हा प्रकार कळतांच आम्हांस महाभाष्य आठवलें. शब्द वस्तूस कशावरून लागतो, याचा विचार करतांना पतंजलींनीं जाति, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार प्रकार सांगितले आहेत. गाय हा जातीवरून, पांढरा हा गुणावरून, चालणारा हा क्रियेवरून. आणि ज्यास कांहींच आधार नाहीं, कोणीतरी ठेवला म्हणून आहे, असा डित्थ, डवित्थ यांसारखा शब्द यदृच्छेवरून. पाळण्यांतलें नांव या चौथ्या जातीचें. विनायक नांवाचा मुलगा पुढें विघ्नें हरण करील कीं उत्पन्न करील, हें कानांत कुर्र करणार्‍या आत्याबाईस कोठून ठाऊक असणार? वाटेवरचें नांव मात्र गुणाचें किंवा क्रियेचें असतें. तेथें मनुष्य आधीं दिसतो आणि नांव मागाहून येतें.

आपल्या देशीं हें नवें नाहीं. वैशेषिक दर्शनाच्या कर्त्याचें कणाद हें नांव, वाटेंत सांडलेले धान्याचे कण वेचून तो निर्वाह करी म्हणून पडलें, अशी परंपरा आहे. अगदीं अलीकडचें उदाहरण गाडगे महाराजांचें. जन्म १८७६ चा, मूळ नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें आणि त्यानंतर १९५६ मध्यें देह ठेवीपर्यंत ते चालतच राहिले. अंगावर चिंध्या आणि हातांत मातीचें फुटकें गाडगें, एवढाच संसार. तें गाडगें जेवावयास उपयोगी पडे आणि उन्हांत डोक्यावरहि बसे. कोणी त्यांस चिंधेबुवा म्हणत, कोणी गाडगेबुवा. शेवटीं गाडगें टिकलें. आज अमरावतीच्या विद्यापीठास तें नांव आहे. ज्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर एका मातीच्या भांड्याचें नांव छापलें जातें, असें दुसरें विद्यापीठ आम्हांस तरी माहीत नाहीं.

याच्या उलट रीत आळंदीहून पंढरीस जाणार्‍या वाटेवर आहे. सुमारें अडीचशे किलोमीटर चालीच्या त्या वारींत कोणासहि स्वतंत्र नांव मिळत नाहीं. जो तो माउली. पाणी मागणारा माउली, पाणी देणारा माउली, गर्दींत पायावर पाय देणाराहि माउली, आणि ज्याचा पाय चेंगरला तो विव्हळून म्हणतो तेंहि “जरा बेतानं, माउली!” नर्मदेची परिक्रमा करणारांसहि कांठचे लोक नांव विचारीत नाहींत, पुरुष तो बाबाजी आणि स्त्री ती माताराम. अमेरिकन वाट प्रत्येकास निराळा करते, आमची वाट सर्वांस एक करते. यांत उजवें कोणतें, असें कोणी विचारील. आमचा कल अर्थात् माउलीकडे आहे. तथापि स्वतःस तळटीप हें नांव मिळाल्यापासून तो पूर्वीइतका पक्का राहिलेला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

तें नांव मिळालें तें असें. २०१९ च्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या व त्याचे मित्र मिळून आठ जण नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत घाटमाथ्यावरून चालत जावयास निघाले. वाट जुन्नर तालुक्यांत सुरू होते. जीवधन, ढाकोबा, दुर्ग अशी शिखरें घेत ती आंबेगाव तालुक्यांत आहुप्यास उतरते, आणि तेथून कोंढवळाच्या रानांतून भीमाशंकर. चार दिवसांची चाल. आम्ही नुकतेच निवृत्त झालों होतों. जन्मभर ज्या डोंगरांकडे वर्गाच्या खिडकींतून पाहिलें ते एकदां पायांखालीं घालावे, म्हणून आम्हींहि त्यांच्या मागें लागलों.

पहिल्याच दिवशीं नाणेघाटाच्या लेण्यांत आमचें तोंड सुटलें. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख तेथें भिंतींवर आहे. समोरच्या भिंतीवर त्या कुळांतील पुरुषांच्या आणि खुद्द राणीच्या प्रतिमा होत्या. त्या नाहींशा झाल्या, माथ्यावर कोरलेलीं नांवें तेवढीं दोन हजार वर्षें राहिलीं. हें सांगून होतें न होतें तों घाटाच्या तोंडाचा दगडी रांजण आला. त्यांत जकातीचीं नाणीं पडत म्हणून नाणेघाट, ही लोकवार्ता आम्हीं सांगितली. मग जीवधनाच्या कडेचा वानरलिंगी सुळका दिसला. त्यास डोंगर चढणारी मंडळी ‘खडा पारशी’ म्हणते. भायखळ्यास उंच खांबावर एका पारशी गृहस्थाचा पुतळा आहे, त्यावरून. गुडघ्यांमुळें आम्ही रांगेच्या अगदीं शेवटीं होतों, आणि प्रत्येक टांकें, प्रत्येक शिळा येतांच मागून आमचा आवाज येई. पुस्तकाच्या पानांत मजकुराखालीं बारीक अक्षरांत टीप असते, तशी आमची जागा आणि तसेंच आमचें काम. रात्रीं घाटघरास शेकोटीभोवतीं नामकरण झालें तेव्हां एकमतानें आम्ही ‘तळटीप’ ठरलों.

इतरांचींहि नांवें त्याच रात्रीं पडलीं. ज्यानें घरांतलें निम्में सामान पाठीवर आणलें होतें तो ‘गोदाम’. ज्याच्या बुटाचा तळवा सुटला आणि त्यानें तो दोरीनें बांधला तो ‘सुतळी’. गुळाचे खडे मोजून देणारी मुलगी ‘मुनीम’. एका जवानानें आपणांस ‘बिबट्या’ म्हणावें अशी स्वतःच सूचना आणली. जुन्नरच्या उसांत बिबटे आहेत हें सर्वांस ठाऊक, तेव्हां नांव शोभलेंहि असतें. परंतु थोड्याच वेळांत कुडामागें खसफस झाली आणि तो टुणकन् उडून मुनीमच्या मागें गेला. बाहेर आली ती घरधन्याची मांजर. त्याचें नांव ‘मनी’ पडलें, आणि चौथ्या दिवशीं भीमाशंकरास तो स्वतः “मनी हजर” असें म्हणत होता.

आतां जें सांगावयाचें तें आम्हांस तितकें सोपें नाहीं. घाटघरापासून वाट दाखवावयास जो मनुष्य बरोबर आला, तो पंचेचाळिशी ओलांडलेला, ठेंगणा, कमी बोलणारा असा होता. सर्व निजावयास गेल्यावर तो जवळ आला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, “गुरुजी, ओळखलं नाही? मी कासव.”

नांव ऐकतांच चेहरा आठवला. १९८४ च्या सुमारास घाटमाथ्याजवळच्या एका शाळेंत आम्ही सातवीच्या वर्गावर होतों. हा मुलगा दीड कोसावरच्या वाडीवरून पायीं येई आणि बहुधा प्रार्थना संपल्यावर पोंचे. फळ्यावरचें उतरून घ्यावयास त्यास इतरांच्या दुप्पट वेळ लागे. चैत्र-वैशाखांत हिरडा गोळा करावयास आईबापांबरोबर रानांत जाई, म्हणून ऐन परीक्षेच्या दिवसांत गैरहजर. एके दिवशीं तो दारांत उभा राहिला असतां आम्हीं म्हटलें, “या, कासवराव!” वर्ग हंसला. आम्हांसहि आपला विनोद साधला असें वाटलें असावें. एवढेंच. सातवीनंतर मुलानें शाळा सोडली, पण नांवानें त्याला सोडलें नाहीं. वर्गांतल्या पोरांनीं तें वाडीवर नेलें, आणि पस्तीस वर्षें तो त्याच नांवानें वावरत होता. त्याचें खरें नांव आम्हांस कांहीं केल्या आठवेना. दोन वर्षें रोज हजेरी घेतांना तें आम्हींच उच्चारलें होतें.

दुसर्‍या दिवशीं ढाकोबाच्या चढणीवर तो सर्वांच्या पुढें होता. त्याची चाल संथ, पण ती चढावर मंदावेना आणि सपाटीवर वाढेना. कारवींतून धांवत पुढें गेलेले सुतळी आणि मनी अर्ध्या घटकेंत धापा टाकीत बसले, आणि हा त्याच पावलानें त्यांच्यावरून पुढें गेला. मुनीमनें त्याचें नांव ऐकलें होतें. ती म्हणाली, “दादा, तुम्हांला कासव म्हणतात तें किती बरोबर आहे! कुठल्या डोंगरावर ठेवलं हें नांव?”

“शाळेत ठेवलं,” तो मागें न पाहतां म्हणाला.

“कोणी?”

त्यानें खांद्यावरचें ओझें सांवरलें. “होते एक गुरुजी.”

रांगेच्या शेवटीं हें सर्व स्पष्ट ऐकूं आलें. त्या वेळीं मागून कांहीं टीप आली नाहीं.

पुढचे दोन दिवस मनांत हेंच घोळत होतें. पूर्वेस खालीं डिंभे धरणाचें पाणी आहे. मूळ आंबेगाव त्या पाण्याखालीं गेलें आणि नांव मात्र सबंध तालुक्यास राहिलें, हें मुलांस सांगावयाचें योजून आम्हीं निघालों होतों. तेंहि सांगावयाचें राहून गेलें. गोदाम, सुतळी, मनी हीं नांवें थट्टेचींच. परंतु ठेवणार्‍याच्याहि पाठीवर तेवढेंच ओझें होतें आणि पायांस तेवढेच फोड. शिवाय मनीस नको म्हणतां आलें असतें. आम्ही खुर्चीवर होतों, हातांत हजेरीपट होता, आणि तो मुलगा अनवाणी दीड कोस चालून येऊन दारांत उभा होता.

आहुप्याच्या मुक्कामीं आम्हीं त्यास एकीकडे नेऊन आपलें चुकलें असें सांगितलें, आणि त्याचें नांव विचारलें. त्यानें सांगितलें. तें येथें छापावयाचें तर त्यास विचारावें लागेल, म्हणून देत नाहीं. यापुढें आम्ही त्याच नांवानें हांक मारूं असें म्हणतांच तो हंसला. “डोंगरात कासवच राहू द्या, गुरुजी. या पोरांना ते आवडतं, मलाबी आता बरं वाटतं. धाकटी मुलगी माझी त्याच शाळेत आहे. तिला तिथं कुणी काही म्हणू नये, एवढंच.”

दारीं आलेला तरुण म्हणजे गोदाम. तो पुन्हां घाटघराकडे जाऊन आला होता, आणि बोचक्याच्या तळाशीं नव्या भाताच्या तांदळांची एक पिशवी त्यानें आमच्यासाठीं आणली होती. पिशवीस कागद शिवलेला होता: “तळटीप गुरुजी यांस — कासव.” आमच्या कुटुंबानें तो कागद उजेडांत धरून पाहिला आणि अक्षर कोणाचें, म्हणून विचारलें. इतकें सुरेख, एकसारखें अक्षर हल्लीं पाहावयास मिळत नाहीं. तेव्हां आम्हांस आठवलें कीं, सातवींतहि त्याचें अक्षर असेंच होतें. फळ्यावरचें उतरून घ्यावयास त्यास वेळ लागे तो त्यापायीं.