कोरियन चिकन सादळत का नाही? आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

न्यूयॉर्कमध्ये जानेवारी 2024 मध्ये 'कोकोडॅक' नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. विकतात काय, तर तळलेलं कोरियन चिकन. पण थाट असा की नगेटवर कॅव्हियार, सोबत शॅम्पेन, आणि सुरुवातीला माणशी 38 डॉलरची 'बकेट'. थाटाचे पैसे बाजूला ठेवले, तर या चिकनची ख्याती एकाच गुणावर उभी आहे: सॉस चोपडूनही वरचं आवरण कुरकुरीत राहतं. का, तर म्हणे 'दोनदा तळतात म्हणून'.

हे वाक्य चविष्ट आहे, पण संशोधनाचा प्रश्न नाही. पीएचडीच्या मुलाखतीत असं वाक्य घेऊन गेलात तर पहिला सवाल येणार, "मोजणार काय?"

आधी विज्ञान बघू. गरम तेलात पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि उरलेला स्टार्च काचेसारखा ठिसूळ होतो. त्यात पुन्हा पाणी शिरलं की तो लवचिक होतो, म्हणजे वातड. नाशिकच्या जुलैत चिवड्याचा डबा उघडा ठेवून बघा, हेच दिसेल. काट्झ आणि लाबुझा यांनी 1981 मध्ये वेफर्स, पॉपकॉर्नसारख्या पदार्थांवर दाखवलं की वॉटर अॅक्टिव्हिटी साधारण 0.35 ते 0.50 च्या पट्ट्यात गेली की कुरकुरीतपणा जातो. पावसाळी हवेची आर्द्रता 80 टक्के असेल, तर चिवडा हळूहळू 0.8 कडेच सरकणार. तो सादळला नाही तरच नवल!

चिकनमध्ये शत्रू घरातच आहे. पहिल्यांदा तळून बाजूला ठेवलं की मांसातलं पाणी आवरणात येतं. दुसऱ्यांदा तळताना ते उडून जातं. सॉस घट्ट आणि साखरेचा असतो, त्यामुळे त्यातलं पाणी आवरणात जातं ते सावकाश. (गंमत म्हणजे 1980 च्या सुमारास देगू शहरात हा तिखट-गोड सॉस आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या युन जोंग-ग्ये यांची अडचण उलटी होती. थंड झालेलं चिकन गिऱ्हाइकांना फार कोरडं-कडक लागायचं!)

आता खरी मेख. एक गट एकदा तळला, दुसरा दोनदा, आणि दुसरा जास्त कुरकुरीत निघाला. सिद्ध झालं? नाही. दुसरा गट तेलात जास्त वेळ होता. फरक मधल्या विश्रांतीमुळे पडला की नुसत्या वेळेमुळे, हे कळायला तिसरा गट हवा: एकदाच, पण एकूण तितकाच वेळ तळलेला. माझ्या मते या प्रयोगाचा जीव या तिसऱ्या गटात आहे, आणि बहुतेक सिनॉप्सिसमध्ये नेमका तोच नसतो.

मग मोजायचं काय? इथे मराठी कामाला येते. कुरकुरीत, खुसखुशीत, कडक आणि वातड हे चार वेगळे गुण आहेत. टेक्स्चर अॅनलायझरवर तुकडा दाबला की कडक पदार्थाचा बलाचा आलेख एकदम उंच चढून मोडतो, कुरकुरीताचा करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, आणि वातड नुसता ताणत जातो. म्हणून 'जास्तीत जास्त बल' एवढंच मोजलंत तर कडक पदार्थालाच कुरकुरीत ठरवून बसाल. आलेखातले दाते मोजा.

माणसांकडून चाखवून घेणार असाल तर आवाज सांभाळा. झाम्पिनी आणि स्पेन्स यांनी 2004 मध्ये वेफर खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनवर वाढवून ऐकवला, तर तेच वेफर त्यांना जास्त कुरकुरीत वाटले. तेव्हा एका गटाची चाचणी शांत खोलीत आणि दुसऱ्याची घरघरणाऱ्या पंख्याखाली, असं चालणार नाही.

आणि एका घाण्यात तळलेले 30 तुकडे म्हणजे तुमचा नमुना 30 चा होत नाही. तेल एक, तापमान एक, पीठही एकदाच कालवलेलं. म्हणजे नमुना 1 चाच. वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी नवं पीठ कालवून, तिन्ही गटांचे निदान पाच-सहा घाणे काढा. तळायचा क्रमही रोज चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण तेल दिवसभरात बदलत जातं.